काम म्हणजे आदामाला मिळालेली शिक्षा?

"आदामाने पाप केले, म्हणून माणसाच्या मागे काम लागले," असा बायबलमधल्या या पहिल्या माणसाबद्दलचा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. गैरसमज होणे साहजिक आहे, कारण बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला, 3:19 (अध्याय 3, वचन 19) मधला घाम गाळून भाकर खाण्याचा उल्लेख लक्षात राहतो. पण पान उलटून थोडे मागे जा. 2:15 मध्ये देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तेच मशागत आणि राखण करायला. पाप घडते तिसऱ्या अध्यायात. मग शाप कोणाला? 3:17 सावकाश वाचा: भूमीला. काटेकुसळे आणि कष्ट तिथून आले. बागेबाहेर काढल्यावरही (3:23) काम मशागतीचेच. मूळ हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच, 'आवद', आणि देवाच्या सेवेसाठीही तेच वापरतात! बायबलच्याच निर्गम या पुस्तकातले 20:9 तर शब्बाथाच्या (विसाव्याच्या सातव्या दिवसाच्या) आज्ञेतच सहा दिवस काम करायला सांगते.