स्वयंचलित मोटारींचे नकाशे : अद्ययावतीकरण

स्वयंचलित मोटारीच्या संगणकात साठवलेला रस्त्याचा नकाशा आणि प्रत्यक्ष रस्ता यांतील फरक शोधणे, पडताळणे आणि नकाशात उतरवणे. हा नकाशा चालकाला वाट दाखवणाऱ्या नकाशाहून वेगळा असतो. मार्गिकांच्या कडा, थांबरेषा, कठडे, सिग्नलच्या दिव्यांची उंची यांची नोंद त्यात सेंटिमीटरांच्या हिशेबात असते. कॅमेरा आणि लायडार (लेसरने अंतर मोजणारे यंत्र) यांना जे दिसते ते या नोंदींशी ताडून मोटार स्वतःचे स्थान ठरवते. त्यामुळे नकाशा शिळा झाला तर मोटारीला आपण नेमके कोठे आहोत हेही चुकीचे कळू शकते.

अशा नकाशांचा उगम कोठे मानावा याबाबत मतभेद आहेत. अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने २००७ मध्ये घेतलेल्या शहरी स्पर्धेत मार्गिका व थांबण्याच्या जागा यांचे निर्देशांक (स्थानदर्शक आकडे) असलेली फाईल स्पर्धकांना पुरवली होती. काही जण आरंभ तेथून धरतात. मात्र त्या फाईलमधील बिंदू विरळ होते. मोटारीने कोणत्या मार्गाने जायचे एवढेच त्यांतून प्रामुख्याने कळे. ‘एचडी (हाय डेफिनिशन, म्हणजे अतितपशीलवार) नकाशा’ ही अशा नकाशांची संज्ञा साधारणतः २०१० च्या सुमारास मर्सिडीज-बेंझच्या संशोधनात रूढ झाली असे सांगतात. त्या संदर्भात ऑगस्ट २०१३ मधील जर्मनीतील मानहाइम ते फोर्झहाइम या सुमारे १०० किमी.च्या स्वयंचलित प्रवासाचा दाखला देतात. तो संज्ञेचा इतिहास झाला. पद्धतीचा विचार करता स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेसी लेव्हिन्सन, मायकेल माँटेमेर्लो आणि सेबास्टियन थ्रुन यांच्या २००७ मधील शोधनिबंधाला अधिक महत्त्व द्यावे लागते. रस्त्याच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लेसर किरणांच्या तीव्रतेचा नकाशा करून त्यांनी मोटारीचे स्थान ठरवले. २०१० मध्ये लेव्हिन्सन व थ्रुन यांनी त्यात एक मोलाची भर घातली : नकाशाच्या प्रत्येक चौकोनात तीव्रतेच्या सरासरीबरोबर तिच्यातील चढउतारही नोंदवला. आपल्या कोणत्या भागावर किती भिस्त ठेवावी हे नकाशालाच सांगता येऊ लागले. अद्ययावतीकरणाचे बीज येथे आहे.

बदल ओळखण्यातील खरी अडचण न दिसलेल्या वस्तूची असते. नकाशात असलेला फलक दिसला नाही, तर तो काढला गेला असेल किंवा शेजारच्या ट्रकने झाकला असेल. म्हणून नजरेची रेषा मोकळी होती का हे आधी तपासतात आणि एका मोटारीच्या नोंदीवर सहसा काही पुसत नाहीत. अनेक फेऱ्यांतून, शक्यतो वेगवेगळ्या मोटारींकडून, तीच विसंगती आली की बदल खरा असण्याची शक्यता वाढत जाते. शंका उरल्यास माणूस चित्रे पाहतो किंवा सर्वेक्षणाची मोटार पुन्हा पाठवतात. खरवडून काढलेला जुना पट्टा तिरप्या उन्हात आणि ओल्या डांबरावर नव्या पट्ट्याइतकाच ठळक दिसतो. अशा ठिकाणी यंत्र दोन्ही पट्टे मार्गिकेच्या कडा म्हणून नोंदवू शकते.

रोज धावणाऱ्या सामान्य मोटारींकडून नोंदी गोळा करण्याची पद्धत पुढे आली. २०१६ मध्ये मोटारींसाठी कॅमेरा-प्रणाली बनवणाऱ्या मोबिलाय कंपनीने जाहीर केलेल्या योजनेत चित्रे न पाठवता त्यांतून काढलेल्या खुणांचा सारांशच पाठवतात. तो दर किलोमीटरला सुमारे १० किलोबाइट भरतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारींची माहिती एकाच साच्यात यावी यासाठी ‘सेन्सॉरिस’ हे मानक तयार झाले.

सर्वच बदल नकाशात कायमचे उतरवणे इष्ट नसते. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २०११ मधील अहवालात स्थानिक गतिमान नकाशाचे (मोटारीच्या भोवतालची कायम व बदलती माहिती एकत्र ठेवणाऱ्या नकाशाचे) चार थर वर्णिले आहेत : रस्त्याची कायम रचना, फलक व खुणा, कोंडी व हवामान यांसारखी तात्पुरती स्थिती, आणि हलती वाहने. दुरुस्तीसाठी मांडलेले शंकू नेमके कोणत्या थरात जावेत याचा निवाडा मात्र ते तेथे किती काळ राहतात यावर ठरतो.

टेस्लाने अतितपशीलवार नकाशांवर विसंबण्याचे टाळून कॅमेऱ्यांवर भर दिला आहे. तरीही मार्ग ठरवण्यासाठी साधा नकाशा लागतोच.

नवी आवृत्ती बिनतारी जाळ्यावरून, बहुधा लहान चौरस तुकड्यांत पाठवतात. शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या आवृत्तींचे राहिले तर सांध्यावर मार्गिकेची कड वीतभर सरकलेली दिसू शकते. म्हणून परस्परांवर अवलंबून असलेले तुकडे एकत्रच बदलावे लागतात.