जुनी व्हॅन सुरू होताना त्रास देत असेल तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ओम्नी, व्हर्सा आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या इको या पेट्रोल व्हॅन गोव्यात आजही मासळी, भाजी, मंडपाचे सामान आणि शाळेची मुले नेण्यासाठी रोज धावतात. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, त्यामुळे या गाड्या आता वयस्कर झाल्या आहेत आणि त्यांची सर्वांत नेहमीची तक्रार सुरू न होण्याची आहे. अशी गाडी आमच्याकडे येते तेव्हा पुष्कळदा तिच्यात नवी बॅटरी आधीच बसवलेली असते आणि त्रास मात्र तसाच असतो. दोष नेमका कुठे आहे हे कळण्यापूर्वी सुटा भाग बदलू नये, असा आमचा आग्रह आहे. कारण चावी फिरवल्यावर गाडी काय करते, एवढे नीट पाहिले तरी अर्धे निदान घरच्या अंगणातच होते.

सर्वप्रथम सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, फिरतो की नाही हे पाहावे. हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंद झाले आणि टकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टर्मिनल खराब आहेत. दिवे होते तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, किंवा एकदाच ‘टक’ असा आवाज आला, तर बॅटरीला दोष न देता इंजिनची अर्थिंग पट्टी, सेल्फकडे जाणारी वायर, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा विद्युत-चुंबकी स्विच) आणि स्वतः सेल्फ तपासावा लागतो. सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन पकडत नसेल, तर प्रश्न करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा, किंवा पेट्रोलचा असतो.

यांपैकी अर्थिंगचा दोष आमच्या किनारपट्टीवर विशेष आढळतो. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि मासळीच्या गाडीत खाली झिरपणारे बर्फाचे खारट पाणी यांमुळे टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचते, आणि इंजिन व चॅसी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी वरून धड दिसत असली तरी नटाखाली आतून खाल्लेली असते. हेडलाइटला थोडेच अँपिअर लागतात, म्हणून ते व्यवस्थित लागतात. सेल्फ मात्र सुरुवातीला शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून अधिक करंट ओढतो. शंभर अँपिअरच्या वाटेत केवळ ०.०२ ओहम रोध आला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि नवी बॅटरीही सेल्फला पुरी पडत नाही. हे पाहण्यासाठी काहीही खोलावे लागत नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग सदोष आहे. ही पट्टी बदलण्याचा खर्च नव्या बॅटरीच्या मानाने अगदी किरकोळ असतो. टर्मिनल साफ करताना निगेटिव्ह आधी काढावे व शेवटी लावावे, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती घासावीत, आणि कोरडी करून घट्ट आवळल्यावर वर पेट्रोलियम जेली लावावी.

बॅटरीची खरी परीक्षा आकड्यांनीच होते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असले तर ती भरलेली आहे, १२.२ असले तर साधारण निम्मी उतरलेली आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना ते १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावे. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी भरणारा जनित्र, पाहावा लागतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच बॅटरी उतरत असेल, तर मागाहून बसवलेली म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म बंद गाडीतही करंट खात असण्याची शक्यता असते. सतत ०.३ अँपिअर गेले, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी होते.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा त्रास पावसाळ्यात वाढतो. प्लगच्या जुन्या वायरींना आणि डिस्ट्रिब्युटर कॅपला (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या झाकणाला) ओल धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न पोचता वाटेतच उडते. अंधारात सीट उचलून पाहिल्यास ती कधी कधी निळसर चमकताना दिसते. एमपीएफआय गाडीत (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत) चावी ‘ऑन’ केल्यावर पेट्रोल पंपाचा साधारण दोन सेकंद घुंईं असा आवाज यायला हवा. तो येत नसेल, तर फ्यूज, रिले आणि पंप या क्रमाने तपासावे.

गरम इंजिनाचा त्रास वेगळा समजावा. सकाळी एका झटक्यात सुरू झालेली व्हॅन रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढते, तिथे ती बंद केली जाते आणि चोडणला पोचल्यावर सुरू होत नाही. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली बंदिस्त असल्याने ते बंद केल्यानंतरची काही मिनिटे तिथली उष्णता उलट वाढते. जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधले (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातले) पेट्रोल त्या उष्णतेने उकळून इंजिनात उतरते. अशा वेळी ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. ॲक्सिलेटर पुन्हा पुन्हा दाबून पंपिंग केल्यास पेट्रोल आणखी साचते. एमपीएफआय गाडीत सेल्फ न मारता चावी दोन-तीन वेळा ‘ऑन-ऑफ’ करून पाहावी. त्यानंतर इंजिन लगेच पकडले, तर बंद गाडीत पेट्रोलचा दाब टिकत नाही असे समजावे. गरम असताना सेल्फच गप्प राहत असेल, तर त्याचे कार्बन ब्रश आणि सोलेनॉइड झिजलेले असण्याचा संभव असतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी निदान अर्धा मिनिट थांबावे. अल्टरनेटर पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची पद्धत अजूनही दिसते. तिच्यामुळे व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनचा कंट्रोल युनिट जळू शकतो, म्हणून कृपया ती कोणालाही करू देऊ नये. बॅटरी कमजोर असताना धक्का मारून गाडी सुरू होते, परंतु सेल्फ चांगला फिरत असेल तर धक्क्याने काही साधत नाही, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो खराब होतो. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर सेल्फ अजिबात मारू नये. गाडीखाली गळती आहे का ते पाहावे आणि आम्हांला बोलवावे.

फोन करताना सेल्फ फिरतो का, इंजिन थंड होते की गरम, पाऊस पडून गेला होता का, टाकीत पेट्रोल किती आहे आणि अलीकडे कोणते काम झाले आहे, एवढे सांगावे. त्यावरून कोणती उपकरणे घेऊन यायचे हे आम्हांला ठरवता येते. तपासणीत मिळालेले आकडे आम्ही बिलावर लिहून देतो आणि बदललेला जुना भाग आपल्या ताब्यात देतो.