पुनरावर्ती जलद रेडिओ स्फोटांच्या यजमान दीर्घिका

एकाच उगमापासून पुन्हा पुन्हा येणारे, काही मिलिसेकंदांत संपणारे रेडिओ लहरींचे तीव्र स्पंद, म्हणजेच जलद रेडिओ स्फोट (इंग्रजी आद्याक्षरांनी एफआरबी), ज्या दीर्घिकेतून येतात, तिला त्या उगमाची यजमान दीर्घिका म्हणतात. एकदाच झालेल्या स्फोटाची नेमकी जागा त्याच क्षणी टिपली नाही तर ती कायमची हुकते. पुनरावर्ती उगमावर मात्र दुर्बिणी रोखून पुढच्या स्फोटाची वाट पाहता येते.

असा पहिला उगम म्हणजे एफआरबी १२११०२. अरेसिबोच्या दुर्बिणीने तो २०१२ मध्ये टिपला आणि त्याची पुनरावृत्ती २०१६ मध्ये जाहीर झाली. परंतु एकट्या तबकडीने ठरवलेली जागा काही कलांइतकी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ढोबळ असते आणि तेवढ्या आकाशात कितीतरी दीर्घिका मावतात. न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज ॲरे या अनेक तबकड्यांच्या दुर्बिणीने ती एका विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) आत आणली. मग जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटातील हायड्रोजन व ऑक्सिजनच्या उत्सर्जनरेषांवरून ०.१९३ ही ताम्रसृती, म्हणजे अंतर सांगणारे प्रकाशाचे लाल रंगाकडे सरकणे, मिळाली. यजमान निघाली ती जड मूलद्रव्ये कमी असलेली, नवे तारे घडवणारी एक खुजी दीर्घिका. अतितेजस्वी अधिनवतारे (प्रचंड ताऱ्यांचे अंतिम स्फोट) अशाच ठिकाणी आढळत असल्याने, त्यांतून उरलेला तरुण मॅग्नेटार, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, हे स्पंद सोडतो ही कल्पना बळावली. एका उदाहरणावरून केलेले हे अनुमान जरा घाईचेच होते.

एफआरबी १८०९१६ चा उगम सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवरील सर्पिल दीर्घिकेत सापडला. हबल दुर्बिणीच्या प्रतिमांत तो ताऱ्यांच्या जन्मस्थळापासून सुमारे २५० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) दूर दिसला. तिथे जन्मलेल्या मॅग्नेटारला एवढे अंतर कापायला किमान आठ लाख वर्षे लागतील, तर त्याची सक्रियता दहा हजार वर्षांच्या आसपास ओसरते असे मानले जाते; म्हणजे तरुण मॅग्नेटारची कल्पना इथे सहज बसत नाही. या अभ्यासाचे आणि पहिल्या यजमान दीर्घिकेच्या शोधनिबंधाचेही प्रमुख लेखक श्रीहर्ष तेंडुलकर होते.

२०२२ मध्ये तर एम ८१ या शेजारच्या दीर्घिकेतील गोलाकार तारकागुच्छात एक उगम निश्चित झाला. अब्जावधी वर्षे जुन्या या गुच्छात प्रचंड तारे कधीच संपलेले असल्याने तिथला मॅग्नेटार श्वेतबटूच्या (लहान ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याच्या) कोसळण्यातून किंवा दोन अतिघन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून घडला असावा, असे सुचवले गेले.

यजमान ठरवताना दीर्घिका आणि उगम योगायोगाने एका रेषेत दिसण्याची शक्यता किती, हे मोजावे लागते. अंधुक खुज्या दीर्घिका नजरेतून सुटतात आणि जवळची तेजस्वी दीर्घिका नाहक यजमान ठरू शकते. म्हणून स्थान विकलेच्या अंशापर्यंत नेमके असल्याशिवाय हा हिशेब भरवशाचा नसतो.