गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि दाहसूचके

गर्भधारणेच्या 20 आठवड्यांनंतर, चार तासांच्या अंतराने दोनदा मोजूनही वरचा रक्तदाब 140 किंवा खालचा 90 वा त्याहून अधिक भरला, तर तो गरोदरपणातील उच्च रक्तदाब. सोबत लघवीतून प्रोटीन जाऊ लागले किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदूवर परिणाम दिसला की प्री-एक्लॅम्प्सिया. झटके आले की एक्लॅम्प्सिया.

मूळ बहुधा वारेत असते. गर्भाशयाच्या धमन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडते, तिच्यातून सुटलेली द्रव्ये आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात आणि शरीरभर दाह वाढतो. सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातले प्रोटीन चढते. साध्या सीबीसीतूनही, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतूनही, दाहाचा अंदाज घेता येतो. त्यासाठी न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर काढतात; ते चढले की दाहाची शंका. उदाहरणार्थ, न्यूट्रोफिल 78 टक्के, लिम्फोसाइट 15 टक्के, म्हणजे गुणोत्तर 5.2.

या आकड्यावर एकट्याने निदान करू नये. गरोदरपणात न्यूट्रोफिल मुळातच वाढतात, कळा सुरू झाल्यावर आणखी. बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की लिम्फोसाइटही घटतात आणि गुणोत्तर फसवे चढते. म्हणून नमुना इंजेक्शनआधीचा हवा. लघवीतला जंतुसंसर्गही हेच करतो. प्लेटलेटची (रक्त गोठवणाऱ्या कणांची) गल्लत वेगळी: सीबीसीची जांभळ्या झाकणाची नळी रक्त भरताच आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी केली नाही, तर गुठळ्या होऊन प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात. अशा वेळी रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच.

निर्णय घ्यायचा तो रक्तदाब, लघवी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताच्या एन्झाइमांवरून. 160/110 रक्तदाब किंवा एक लाखाखाली प्लेटलेट म्हणजे तातडी. उजव्या बरगडीखालची कळ 'पित्त' म्हणून घरी सोसली जाते. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी यांसोबत ती आली तर 108 बोलवावी. गोव्यातल्या सत्तरी किंवा पेडण्याहून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात वा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हलवण्यापूर्वी, झटके आले असल्यास मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस जवळच्या केंद्रातच द्यावा: दोन्ही नितंबांत खोलवर पाच-पाच ग्रॅम. पुढचा डोस देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, मिनिटाला किमान 16 श्वास आणि लघवी तपासावी.

जोखमीच्या गर्भवतीला 12 आठवड्यांपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन देतात. पेजेसोबतची सुकी मासळी बंद केल्याने हा आजार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा उसळतो. बाळंतीण तेव्हा बहुधा माहेरी असते, म्हणून मोजणीची सोय तिथेच लावावी.