रात्रनिवारा (बेघर तरुणांसाठी)

पाठ टेकायला जागा नसलेल्यांना रात्रीपुरते छप्पर, अंथरूण-पांघरूण, पाणी आणि संडास-न्हाणी देणारी सोय. सरकारी कागदावर तिला ‘शहरी बेघर निवारा केंद्र’ म्हणतात, बोलण्यात पुष्कळदा ‘रैन बसेरा’. येथे विचार आहे तो साधारण 18 ते 25 वयाच्या मुलामुलींचा, आणि तो विदर्भाच्या खेड्याकडून केलेला आहे. शहराच्या फलाटावर निजलेले पोट्टे कुठल्या ना कुठल्या गावचेच असते.

गावात वाटसरूला मारुतीचा पार किंवा देवळाचा ओटा असे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (1876–1956) यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत ‘बेघरांना आसरा’ आहे. धर्मशाळेतला यात्रेकरू मात्र चार दिवसांनी घरी जातो. ज्याला परतायला घरच नाही, त्याची गरज निराळी.

असा मुलगा कोण? कुणी घरच्या मारहाणीला कंटाळून निघालेला, कुणी बापामागे शेत गेल्यावर कामाच्या शोधात आलेला, कुणी बालगृहातून बाहेर पडलेला. बालगृहाचे दार अठराव्या वर्षी बंद होते. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनीही तोवरच्याच वयाची. 2015 च्या बाल न्याय कायद्यात पुढे 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही आपल्याजवळच ठेवले आणि तसा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे मागणी केली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाढदिवसाच्या तारखेने कुणी पोरके व्हायचे थांबत नाही, हा त्यांच्या मागणीचा गाभा या विषयाच्या मुळाशी जातो.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता, की शहरात 1 लाख लोकवस्तीमागे किमान 100 जणांची सोय होईल अशी, चोवीस तास उघडी, कायम निवारा केंद्रे असावीत. माणशी 50 चौरस फूट जागा. चालवायला बहुधा स्वयंसेवी संस्था असते. पुरुष, स्त्रिया आणि कुटुंबे यांची सोय वेगळी, पण तरुणांसाठी म्हणून वेगळे घर सहसा नसते. लंडनमध्ये सेंटरपॉइंट ही संस्था 1969 पासून केवळ तरुणांसाठीच हे काम करते.

वेगळेपण लागते ते छोट्या गोष्टींत. लग्नसराईत केटरिंगच्या कामाला गेलेला मुलगा रात्री एक-दीडला सुटतो. दार दहाला लागत असेल तर तो निवारा त्याच्या उपयोगाचा नाही. सकाळी त्याला मजुरांच्या ठिय्यावर, जिथून कामाला नेतात तिथे, वेळेत उभे राहायचे असते. फोन चार्ज करायला जागा हवी, कारण उद्याच्या कामाचा निरोप त्यावरच येतो. कुलपाची पेटी हवी, नाहीतर तो मजुरीचे पैसे बुटात घालून बूट उशाला घेतो. दारू प्यायलेल्या मोठ्या माणसांच्या शेजारी झोपायची भीती वाटली की तो पुन्हा स्टँडवर जातो. आधार कार्ड नाही म्हणून त्याला परत पाठवणे तर साफ चूक. कागदपत्रे काढून देणे हे निवाऱ्याचेच काम आहे. मुलींसाठी 181 ही मदतवाहिनी आणि संकटातल्या स्त्रियांसाठीचे सखी वन स्टॉप सेंटर आहे, पण तेथील मुक्काम साधारण पाच दिवसांचाच.

विदर्भातली थंडी हलक्यात घेण्यासारखी नाही. डिसेंबर 2018 मध्ये नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले गेले. त्यांतले सुमारे 8.3 लाख ग्रामीण भागातले. वरची योजना मात्र शहरांपुरती. तालुक्याच्या गावी शेवटची एसटी निघून गेली की अशा मुलाला स्टँडचा सिमेंटचा बाकच उरतो, आणि गस्तीच्या शिपायाने उठवले तर तोही नाही.