बिनपगारी रजेत सुट्टी आली, तर तासावर काम करणाऱ्याचा पगार कसा काढायचा?

आम्ही दुकानांची पगारपत्रकं करतो. मे महिन्याचा पगार काढताना नागपुरातल्या इतवारी-सीताबर्डीच्या दुकानदारांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पोरगा लग्नाले गावी गेला होता, रजा बिनपगारी. मग एक तारखेचे पैसे कायचे?"

आमचं उत्तर: द्या.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, 2017 नुसार प्रत्येक कामगाराला वर्षात आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. साठणाऱ्या हक्काच्या रजेला याच कायद्यात 240 दिवस कामाची अट आहे. या आठ सुट्ट्यांना हजेरीची तशी अट नाही. बिनपगारी रजेचं काय, हेही कायदा वेगळं सांगत नाही. अट घालायची तिथे कायद्याने घातली आहे, म्हणून जिथे नाही तिथे ती आपण घालू नये, असं आमचं मत. माणसाचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) आहे तोवर सुट्टीचा पगार कापणं जोखमीचं. रजेच्या दोन टोकांमध्ये सापडलेली सुट्टीही रजेत मोजून टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती या आठ दिवसांना लावू नका.

हिशेब पाहू. ताशी 90 रुपये, रोज 8 तास. कामगार सोमवार 27 एप्रिल ते शनिवार 2 मे 2026 बिनपगारी रजेवर गेला. पाच दिवसांचे पैसे नाहीत, 1 मेचे 8 गुणिले 90, म्हणजे 720 रुपये द्यायचे. तास रोज बदलत असतील तर मालक अडतात. अशा वेळी आम्ही रजेआधीच्या चार आठवड्यांची सरासरी घेतो: 24 दिवसांत 132 तास झाले असतील तर दिवसाला साडेपाच, म्हणून 495 रुपये. चार आठवडे हा कायद्याचा आकडा नाही, आमची पद्धत आहे. पण एकदा धरली की सगळ्यांना तीच लावा.

सुट्ट्या निवडताना आधी पंचांग बघा. 2025 मध्ये दसरा नेमका 2 ऑक्टोबरला आला, आणि चार सणांत दसरा धरलेल्यांच्या कामगारांची एक सुट्टी बुडाली. दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे नागपुरात दसऱ्याला दुकान उघडणं तसंही अवघड. 2026 मध्ये बुद्धपौर्णिमा 1 मे रोजीच आहे. असा दिवस यादीत असेल तर बदली दिवस आधीच लिहून ठेवा. बँकांच्या सुट्ट्यांची यादी तुम्हाला बांधील नाही. तान्ह्या पोळ्याला कचेऱ्या बंद असल्या तरी तुमच्या चारांत तो नसेल तर भरपगारी सुट्टी द्यावी लागत नाही. (दिलीत तर पोरं खूश होतील, ती गोष्ट वेगळी.)

लोकसभा-विधानसभेच्या मतदानाचा दिवस या आठांत मोजू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 135-ब नुसार मतदार कामगाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी असते. एरवी त्या दिवसाचा पगार न मिळणारा रोजंदारीवरचा माणूसही त्यात येतो.

दुकाने व आस्थापना कायदा मुळात 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा 20 वर नेण्याचा निर्णय घेतला. आपण कुठे बसतो याची खात्री नसेल तर मस्टर घेऊन या, आम्ही सांगू. मर्यादेखालच्या दुकानांनाही आम्ही हीच पद्धत सुचवतो. शेजारच्या दुकानात काय मिळतं, हे कामगारांना आपल्याआधी कळतं.

पुढच्या वर्षाची चार सणांची यादी, कामगारांच्या सह्यांसह, 20 डिसेंबरपर्यंत आमच्याकडे द्या. जानेवारीच्या पगारपत्रकात ती आम्ही भरून ठेवू.