गोळीत धातू आहे म्हणजे बाळाला धोका आहे का?

औषधात धातू आहे म्हटलं की पारा, शिसं असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, आणि घेणारी बाई गरोदर असेल तर मग विचारूच नका, जो तो म्हणतो आधी बंद कर ते. पण प्रेग्नन्सीत सर्रास देतात ती लोहाची गोळी पण धातूचीच की! बी-12 व्हिटॅमिनच्या तर बरोबर मधोमध कोबाल्टचा अणू बसलेला असतो. त्यामुळे नुसतं धातू आहे की नाही हे बघून काही कळत नाही, कुठला धातू, कुठल्या रूपात, किती डोस आणि कितव्या आठवड्यात हे सगळं बघावं लागतं.

लिथियमचंच बघा. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी ते मॅनियाच्या, म्हणजे मन बेफाम उधाणलेल्या अवस्थेतल्या पेशंटना देऊन बघितलं आणि आजही बायपोलर आजारावर (मूड कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याचा आजार) ते पहिल्या फळीतलं औषध आहे. लिथियमचा आयन इतका चिमुकला की वार, म्हणजे प्लासेंटा, त्याला अडवूच शकत नाही, आईच्या रक्तात जेवढं लिथियम जवळपास तेवढंच बाळाच्या रक्तात. आणि बाळाचं हृदय घडतं पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे कित्येकदा आपण गरोदर आहोत हे कळेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं. 1970 च्या दशकात डॉक्टरांकडून लिथियम घेतलेल्या आयांच्या बाळांची माहिती गोळा केली तेव्हा एब्स्टाइन अॅनोमली नावाचा हृदयाच्या झडपेचा एरवी फार दुर्मिळ असलेला दोष त्यात खूपच जास्त दिसला आणि सगळ्यांनी लिथियमची धास्ती घेतली. आता यात गोची अशी की बाळ ठणठणीत असेल तर कोण कशाला कळवायला बसतंय, कळवतात ती बिघडलेलीच केस, त्यामुळे आकडा फुगला. 2017 मध्ये अमेरिकेतल्या 13 लाखांहून जास्त प्रेग्नन्सींचा डेटा तपासला तेव्हा सुरुवातीच्या तीन महिन्यांत लिथियम घेतलेल्यांच्या बाळांमध्ये हृदयाचे दोष शंभरात साधारण 2.4 निघाले आणि न घेतलेल्यांमध्ये 1.15. म्हणजे धोका आहे, पण पूर्वी वाटला होता तेवढा नाही, शिवाय तो डोसप्रमाणे वाढतो, दिवसाला 900 मिलिग्रॅमच्या वर गेलं की जवळपास तिप्पट.

दुसरी भानगड किडनीची. गरोदरपणात किडनी जोरात काम करते, लिथियम भराभर लघवीवाटे निघून जातं, रक्तातली लेव्हल घसरते आणि आजार डोकं वर काढू शकतो, म्हणून डोस वाढवावा लागतो. बाळंतपण झालं की किडनी परत जुन्या चालीवर येते आणि तोच वाढवलेला डोस आता अंगावर येतो. म्हणून सारखी रक्त तपासणी. आणि घाबरून एकदम गोळ्या सोडणं हे माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण आजार उलटायची शक्यता बाळंतपणानंतरच्या दिवसांत खूप असते आणि तेव्हा आई आणि तान्हं बाळ दोघंही त्यात सापडतात.

प्लॅटिनमची गोष्ट वेगळी. 1965 मध्ये बार्नेट रोझेनबर्ग बॅक्टेरियावर विजेचा परिणाम बघत होते तर बॅक्टेरिया विभागायचेच थांबले, नुसते लांबच लांब वाढत गेले. करामत विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमची होती! त्यातून सिसप्लॅटिन हे कॅन्सरचं औषध आलं, ते डीएनएला चिकटून पेशींचं विभाजन रोखतं. आता पहिल्या तीन महिन्यांतला गर्भ म्हणजे सगळा विभागणाऱ्या पेशींचाच गोळा, त्यामुळे तेव्हा ते शक्यतो टाळतातच. पण चौथ्या महिन्यापासून पुढे, कॅन्सर थांबायला तयार नसेल तर प्लॅटिनमची औषधं देतात आणि पुष्कळ बाळं नीट जन्मतात, फक्त सिसप्लॅटिनचा कानांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ऐकण्याची तपासणी करतात, जमेल तिथे कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमचंच दुसरं औषध वापरतात. शेवटचा डोस आणि डिलिव्हरी यात साधारण तीन आठवडे मोकळे ठेवतात, तेवढ्यात रक्तपेशी सावरतात.

मॅग्नेशियम तर उलट जीव वाचवतं. प्री-एक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात ब्लड प्रेशर चढण्याच्या आजारात, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, 2002 च्या मॅगपाय ट्रायलमध्ये 10 हजारांवर बायका होत्या आणि झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. देताना नर्स अधूनमधून गुडघ्यावर हातोडी मारून बघते, पाय उडायचा बंद झाला तर मॅग्नेशियम जास्त झालंय. पण हेच औषध कळा थांबवायला म्हणून 5 ते 7 दिवसांहून जास्त सलग दिलं तर बाळाच्या हाडांतलं कॅल्शियम कमी होऊ शकतं, 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तसा इशाराही दिला.

काला आजार (वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा परजीवीचा आजार) यावरची अँटिमनी धातूची इंजेक्शनं गरोदरपणात टाळतात, त्याऐवजी लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन हे बिनधातूचं औषध देतात. एमआरआयमध्ये चित्र ठळक दिसावं म्हणून टोचतात ते गॅडोलिनियमही अगदी गरज असेल तरच.

आणि पोट बिघडल्यावर घेतात ते बिस्मथ सबसॅलिसिलेट? तेही गरोदरपणात नको म्हणतात, पण तिथे मुख्य अडचण बिस्मथची नाहीच, बरोबर जोडलेलं सॅलिसिलेट, म्हणजे अॅस्पिरिनचं भावंड, ते नडतं.